माहेरचा रिसेप्टर

औषधाच्या दुकानातल्या यंत्राने वैजयंतीबाईंच्या बोटातलं रक्त चाखलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं, "हा रिसेप्टर तुमचा नाही."

बाईंची शेवटची गोळी कालच संपली होती. स्तनाचा कर्करोग परतू नये, म्हणून हे यंत्र प्रत्येकीच्या इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीतल्या त्या संप्रेरकाच्या कुलपाच्या, मापाने औषधाचा रेणू घडवायचं. रेणू रिसेप्टरच्या खाचेत जाऊन बसे आणि आपली लांब शेपटी खाचेच्या दारात अडकवून दार लागू देत नसे, म्हणून पेशींना वाढायचा हुकूम मिळत नसे. शेपटी चुकली, की औषधच रोगाला खतपाणी घाली.

"हे माप कुंदा मराठेंच्या नावावर आहे," दुकानदार गोडबोले म्हणाले.

"अहो, ते माझं माहेरचं नाव! लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीने 'वैजयंती' लिहिलं. नाव बदललं, रिसेप्टर नाही!"

"यंत्राला तांदूळ कळत नाहीत, ताई. कुंदाबाईंनाच घेऊन या."

बाई तरातरा बाहेर गेल्या आणि त्याच पावली आत आल्या. "मी कुंदा मराठे."

यंत्राने पुन्हा बोट टोचलं. हिरवा दिवा लागला आणि ते म्हणालं,

"नमस्कार, कुंदाताई. माप जुळलं. आपल्या नावावर कोणताही आजार नाही, त्यामुळे औषध नाही. अभिनंदन!"

"बघा," गोडबोले खुलले, "उगाच घाबरत होता."