शेवाळाच्या गाठी

अर्धांगवायूनंतर ह्यांच्या बोटांत जोर यावा म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक काम दिलं. माशांच्या टाकीतल्या लाकडावर रोज चिमूटभर शेवाळ दोऱ्याने बांधायचं. ह्यांची गाठ तासाभरात सुटायची आणि शेवाळ वर तरंगायचं. दुपारी ह्यांचा डोळा लागला की मी ते गुपचूप पुन्हा बांधून ठेवायची.

महिन्याभरात लाकूड हिरवंगार दिसू लागलं.

“बाईंना कळव, उद्यापासून येऊ नका. हात सुधारला माझा.”

“अहो, एवढी घाई कशाला?”

“नवऱ्याला कमी समजू नकोस! रोज उठून बघतो, एकही गाठ सुटलेली नसते. खरं की नाही?”

खोटं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. तो मी आजही मोडला नाही.

“खरं आहे,” मी म्हणाले.