आधीची ओळख

अंबूताईंना डॉक्टरांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: चूक आईची. तेवढं मिळालं की सून वेदश्री बेळगावच्या नोकरीवर एकटी जाणार आणि दीड वर्षाचा साकेत केशवापुरात आजीजवळ राहणार.

हक्कही काही थोडाथोडका नव्हता. सहा महिने नातवाला न्हाऊमाखू त्यांनीच घातलं. त्या दिवसांत वेदश्रीचा हात बाळाला लागला तो पाजण्यापुरता, हे गल्लीतल्या प्रत्येक घरी दोनदा तरी सांगून झालं होतं.

परवा वेदश्रीनं भुईमुगाच्या शेंगांच्या पोळीचा तुकडा साकेतला भरवला. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून पोर हाती लागलं. तेव्हापासून अंबूताई सुनेशी बोलत नव्हत्या. सुनेबद्दल मात्र सगळ्यांशी बोलत होत्या.

याआधी यानं शेंगा कधी खाल्ल्या होत्या का, असं दवाखान्यात डॉक्टर गुरुराजांनी विचारलं.

"दाणासुद्धा नाही. माझी ताकीदच होती घरात."

"मग गंमत आहे, अक्का. पहिल्या भेटीत शरीर असं धावून जात नाही. आधी ओळख होते, शरीर त्याला शत्रू ठरवतं, हत्यारं करून ठेवतं. पुढच्या भेटीत वार. परवा वार झाला, म्हणजे ओळख आधीच झालेली होती."

अंबूताईंचा आवाज चढला. म्हणजे हिनं चोरून भरवलं. किती वेळा भरवलं ते विचारा तिला. पोटच्या पोराच्या जिवाशी खेळते आणि वर आई म्हणवते. वेदश्री साकेतचं टोपडं सारखं करत राहिली.

"तोंडानंच ओळख होते असं नाही," डॉक्टर म्हणाले. "तोंडावाटे आलं तर शरीर बहुधा पाहुणा मानतं. फुटलेल्या कातडीतून शिरलं तर चोर. याला पुरळ होतं?"

होतं तर. दुसऱ्या महिन्यापासून, गालांवर, कोपरांत, गुडघ्यांमागं. कातडी ओली व्हायची. तेही हिच्याच साबणानं, अंबूताईंनी लगेच जोडलं.

"त्यावर काय लावत होता?"

वेदश्रीनं पहिल्यांदाच मान वर केली. "आई, तुम्हीच सांगा."

सांगायला अंबूताईंना कसली भीती? त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"बाजारातलं काही नाही. शेंगांचं तेल, घाण्यावरचं, ताजं. सहा महिने, दिवसातून दोनदा, ह्या माझ्या हातांनी जिरवलंय."