वारा घालायला माणूस

मंगळवारी सकाळी साडेदहाला नारायण खेडेकरांनी आपल्या कॅम्पिंगच्या व्हॅनसाठी गॅसची बार्बेक्यू शेगडी उचलली आणि परत ठेवली.

"काका, एकटेच फिरता ना? मग हीच घ्या," दुकानातली बाई म्हणाली. "बटण फिरवलं की पेटते. कोळशाच्या शेगडीला दोघं लागतात. एक कणसं फिरवायला, एक वारा घालायला."

खेडेकरांनी कोळशाचीच घेतली.

व्हॅनमध्ये बसून त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला. आईच्या तेराव्याला दोघांचं भांडण झालं होतं. त्यानंतर चार वर्षांतला हा पहिलाच फोन.

"दादा, शनिवारी पाचला धरणावर कणसं भाजतोय. वारा घालायला माणूस हवाय."

"मी काय तुझा नोकर आहे?"

"नोकर असतास तर वेळेवर तरी आला असतास."

 दादाने फोन ठेवला नाही.

"बघतो," दादा म्हणाला.

शनिवारी साडेसहाला धरणाच्या काठावर व्हॅन उभी होती. सहा कणसं सोलून ठेवलेली होती. वारा घालायचा पुठ्ठा खेडेकरांच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर होता. कोळसे अजून पेटवलेले नव्हते.