मुठीतली लाईट

"लाईट गेलीय सकाळधरनं. उतर बिनधास्त," भागूबाई तळघराच्या वरच्या पायरीवरून म्हणाली.

सुनील मोटरवाला उतरला नाही. तो आधी ओटीवर गेला. इन्व्हर्टर बंद केला, त्याच्या बॅटरीची वायर सोडवली, मग मीटरखालचा पांढरा फ्यूज ओढून काढला.

"अरं, तारंत जीव नाय, आन् फ्यूज कसला काढतोस? मोटरवाला आन् एवढा भित्रा?"

"भित्राच हाय मावशी. म्हणून तर वीस वर्सं टिकलो."

तळघर म्हणजे डोंगराची कूस कोरून काढलेली खालची खोली. भागूबाईच्या मुलानं, हरेशनं, भाताच्या गोणी ठेवायला ती बांधली. कोंडाणे गावात श्रावण लागला आणि डोंगर आतून पाझरू लागला. आता तिथं मांडीएवढं पाणी होतं. कोपऱ्यातल्या खड्ड्यात जुनी मोटर बंद पडून बुडालेली. ती काढून नवी बसवायची होती. जुनीची वायर भिंतीतून वर कुठल्या बटणाला गेली ते फक्त हरेशला ठाऊक, आणि हरेश खोपोलीला कामावर. त्या वायरला मध्येच त्यानं एक जोड दिला होता. जोडावर दुधाची पिशवी गुंडाळली होती. तो जोड पाण्याखाली होता.

सुनीलनं फ्यूज भागूबाईच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

"मी वर येऊन मागंस्तवर कुनाला देऊ नका. हरेशदादा आला तरी नाय. देव आला तरी नाय."

"देव कशाला येतोय फ्यूज मागाया!" ती हसली.

कपाळावर टॉर्च बांधून तो पाण्यात उतरला.

भागूबाईनं वरच्या पायरीवर बसून मूठ जराशी उघडून पाहिली. चिनीमातीचा तुकडा, बोटाएवढा. तिचं माहेर भिवपुरीकडचं. तिथं डोंगरावरून जाड नळांतून पाणी खाली येतं आणि त्याची लाईट होते, हे बापानं तिला खांद्यावर बसवून दाखवलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात एक पक्कं होतं: लाईट ही पाण्याचीच लेक. म्हणून तर पाणी दिसलं की धावत सुटते.

"पानी लय गार हाय वो मावशी!" खालून सुनील ओरडला.

"डोंगराच्या पोटातलं हाय. गारच असनार."

मग खालचं बोलणं थांबलं.

आणि लाईट आली.

घरात काहीच झालं नाही. पण आळीच्या टोकाला गिरणीचा पट्टा फडफडला. देवळाच्या भोंग्यातून अर्धं राहिलेलं भजन पुढं सुरू झालं. शेजारणीच्या टीव्हीतली बाई रडायला लागली. ढगांनी भर दुपारी काळोखलेल्या आळीत खिडक्यांमागून खिडक्या उजळत गेल्या.

भागूबाईनं मूठ आवळली. डोंगर उतरून, रानं ओलांडून, खांबाखांबानं लाईट आली होती. आत्ता ओटीवर उभी होती. खाली तिचं माहेर भरून होतं, आणि त्यात कुण्या दुसऱ्या आईचं पोर. मध्ये आड होती ती एवढीशी मूठ. माहेरी निघालेल्या लेकीला भागूबाईनं जन्मात कधी अडवलं नव्हतं.

सून विनिता स्वयंपाकघरातून आली. "आई, सगळ्यांकडं आली. द्या फ्यूज, मी बसवते. मिक्सरमधे वाटण तसंच पडलंय."

"नाय."

"अहो, झालं असेल त्याचं. आवाज तरी येतोय का?"

आवाज येत नव्हता, हे खरंच होतं. "सुनील!" भागूबाईनं हाक मारली. गिरणीनं हाक गिळली. खालच्या भिंतीवर टॉर्चचा उजेडही दिसेना.

"पाच मिनिटांचं तर काम आहे, आई."

"पाट्यावर वाट."

"पाटा कुठंय आता घरात?"

"मग वाटू नको."

विनिता आणखी काही बोलणार होती. पण सासूनं मूठ छातीशी धरली होती, आणि ओठ हलत होते. एकच नाव पुन्हा पुन्हा, आवाज न करता. देवाचं नव्हतं ते. सुनीलचं होतं.

पाणी खळबळलं. सुनील वर आला. इतका वेळ तो खड्ड्यात खांद्यापर्यंत हात घालून, गाल पाण्याला टेकवून, रुतलेली मोटर सोडवत होता. ती आता त्याच्या काखेत होती, मागं वायर फरफटत होती. जोडावरची पिशवी फाटून आतलं तांबं उघडं पडलं होतं.

त्याला गिरणी ऐकू आली. तो पायरीवरच थबकला.

"कवा आली?"

"झाला येळ."

त्यानं उघड्या तारेकडं पाहिलं. मग आपल्या निथळत्या हाताकडं. मोटर त्यानं पायरीवर टेकवली.

"नवी बसवायची राहिलीय," तो म्हणाला. "हिची वायर अख्खी हाय, जोड नाय. पिन इथं वर, पान्यापासून लांब. लागलाच करंट, तर आपोआप बंद पाडनारं बटन पन बसवतो." त्यानं हात पुढं केला. "दमला असाल मावशी. द्या तोवर, मी खिशात ठेवतो."

भागूबाईनं मूठ पुढं केली. बोटं हलेनात. तिनं दुसऱ्या हातानं सोडवून पाहिली.

"उघडत नाय रं," ती म्हणाली.

सुनीलनं हात मागं घेतला. नवी मोटर खांद्यावर घेतली आणि पुन्हा पायऱ्या उतरू लागला. पाण्यात त्याचं पहिलं पाऊल पडलं, तशी विनिता सासूशेजारी खाली बसली आणि त्या मुठीवर तिनं आपले दोन्ही हात ठेवले.