चिमीची वाटी

दामिनीनं चमचा पुढे केला आणि चिमीनं तोंड मिटलं. तोंडात दात खालचे दोनच, पण दातखीळ बसावी तर अशी! वरण-भात ओठांवरून हनुवटीवर आला आणि हनुवटीवरून नव्या झबल्यावर सांडला.

"थांबा वच्छलाबाई, आत्ता नका काढू," दामिनी म्हणाली. मदतनीस वच्छलाबाई मोबाइल धरून केव्हाची गुडघ्यांवर बसली होती. तिचेही हात भरून आले होते.

तेल्हाऱ्याजवळच्या त्या गावातली दामिनी ही अंगणवाडी सेविका. आज अन्नप्राशनाचा दिवस. सहा महिने झालेल्या लेकराला गावच्या बायांसमोर घास भरवायचा आणि लेकरू खात असतानाचा फोटो बारा वाजायच्या आत सुपरवायझर मॅडमना पाठवायचा. तोंड उघडं दिसलं पाहिजे, असं मॅडमनी बजावलेलं. ज्याला आज मान होता ते पोरगं तापानं फणफणलं. मग काय करता, आपलीच लेक चिमी मांडीवर घेतली. आठ महिन्यांची झाली, पण आईच्या दुधावाचून कशाला शिवेल तर शपथ. अकोल्याच्या मामानं उष्टावणाला चांदीच्या चमच्यानं खीर भरवली, ती तिनं मामाच्याच शर्टावर परत केली होती.

तेव्हा सगळे हसले होते. आता दामिनीला रडू येत होतं. सकाळी तिनं आपल्या हातानं लेकीला वजनकाट्यावर ठेवलं. सहा किलो दोनशे. मागच्या महिन्यातही तेवढंच. गावातल्या प्रत्येक लेकराच्या वजनाच्या कार्डावर ती बिनदिक्कत रेघ ओढायची. आज चिमीची रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात, कमी वजनाच्या पट्ट्यात, उतरली आणि पेन तिथंच अडलं. रात्रभर पोरगी अंगावर पीत होती. दामिनीचं डोकं भणभणत होतं, पाठीचा तर काटा ढिला झाला होता.

"खेळव न तिले जराशी."

"गूळ टाक न वो त्याच्यात."

सतरंजीवरच्या बाया एकेक उपाय सांगत होत्या. हेच उपाय दामिनीनं त्यांना शिकवले होते. एकटी चंदा गप्प होती. तिचा दहा महिन्यांचा शिवम तिच्या खांद्यावर पेंगत होता आणि तिच्यामागं, भिंतीला टेकून, तिची सासू पंचफुलाबाई बसली होती.

दामिनीनं चंदाकडं बघायचं टाळलं. मागच्या महिन्यात शिवमचं वजन भरलं नाही, तेव्हा ती याच खोलीत, याच सासूसमोर चंदाला म्हणाली होती, "लेकरू खात नाई असं नसते चंदा. माय कंटाळा करते."

"चिऊचा घास, काऊचा घास," दामिनीनं पुन्हा चमचा नेला. चिमीनं मान फिरवली, पाय झाडले, आईच्या पदराला झोंबली. आणि मग दमून एक भलीमोठी जांभई दिली.

वच्छलाबाईनं बोट दाबलं.

"आला! आला फोटो! चमचा थेट तोंडातच दिसून राहिला, पाहा." तिनं तो पाठवूनही टाकला. पुढच्या बायांनी टाळ्या वाजवल्या, मागच्यांनी पुढच्यांचं ऐकून वाजवल्या. मिनिटभरात मॅडमचा अंगठा आला. खाली दोन फुलं.

दामिनीनं सुटकेचा श्वास सोडला. झालं एकदाचं.

"पाह्य," पंचफुलाबाई सुनेला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. "बाईनं खाऊ घातलं का नाई? नोकरी करून घातलं. मनात असलं तं लेकरू खाते. तुले झोपा पायजेत नुसत्या."

चंदानं शिवमला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि खाली मान घातली. ही खाली मान महिनाभराची आहे, हे दामिनीला तेव्हा कळलं. दामिनी गप्प बसली असती तरी कुणाला पत्ता लागणार नव्हता. मॅडम खूश, बाया खूश, तिच्या शब्दाचं वजन तसंच राहिलं असतं.

ती उठली. कडेवर चिमी, हातात वाटी. बाया सरकल्या. ती पंचफुलाबाईसमोर जाऊन थांबली.

"काकू, हे पाहा."

"काय पाहू?"

"वाटी पाहा. भरली होती तशीच हाये. शितही गेलं नाई पोटात." दामिनीनं वाटी तिच्यापुढे धरली. "तिनं जांभई देली, अन् फोटो निघाला. दोन महिन्यांपासून मी भरवून राहिली, पण खातच नाई. आज तिची रेघ पिवळ्यात गेली. अन् मी चंदाले कंटाळखोर म्हटलं, तुमच्यासमोर. माहं चुकलं, काकू. मॅडमले फोन करून फोटोचंही सांगतो आता."

वच्छलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. खोलीत कुणी हसलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं एखादी म्हणेल म्हणून दामिनी तयारीत उभी होती, पण तेही कुणी म्हणालं नाही.

पंचफुलाबाईनं वाटी हातात घेतली. वाकडी करून पाहिली. वरण-भात गार होऊन वर पापुद्रा धरला होता. मग तिनं चिमीच्या चिकट हनुवटीकडं पाहिलं, दामिनीच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं आणि वळून, बऱ्याच वेळानं, सुनेच्या डोळ्यांकडं पाहिलं.

"रातच्यानं झोपली होती का वो तू?" तिनं विचारलं.

चंदानं नाही म्हणून मान हलवली. तिच्याबरोबर दामिनीचीही हलली.