भिंतीआड

"एक फोटो काढून टाकायचाय," म्हातारा म्हणाला आणि त्याने आपला फोन तिच्या टेबलावर ठेवला. "आणि सगळ्यांची माफी मागायचीय. ती कुठे लिहायची, तेवढं सांगा."

असं बातम्यांच्या साइटच्या ऑफिसपर्यंत चालत कुणी येत नसे. साइटवरची भांडणं साइटवरच मिटायची, नाहीतर चिघळायची. लोक कुठून कुठून बातम्या आणून टाकत, बाकीचे त्या वर चढवत किंवा खाली ढकलत, आणि मग एकमेकांची उणीदुणी काढत बसत. या गोंगाटावर नजर ठेवणं हे तिचं काम. कुणाची जीभ फारच सुटली की तिने लगाम घालायचा. ऑफिसात सगळे तिला हेडबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

"साइटवर नाव काय लावता तुम्ही?"

"रिव्हर्स गियर." तो ओशाळला. "बस चालवायचो ना मी."

हे नाव हेडबाई विसरणं शक्यच नव्हतं. वळणावरचा सिग्नल बंद पडल्याची बातमी त्याने टाकली होती. जुनी म्हणून तिने ती काढली. त्याने पुन्हा टाकली, तिने पुन्हा काढली. मग 'का काढली' म्हणून त्याने तिचा जो पिच्छा पुरवला, त्यात तिची अक्कल, तिचं शिक्षण, तिचे आईबाप, काही म्हणता काही सुटलं नाही. मध्ये पडणाऱ्यांनाही त्याने सोडलं नाही. शेवटी वैतागून तिने त्याला भिंतीआड टाकलं.

भिंतीआड हा त्यांच्या ऑफिसातला शब्द. माणसाला हाकलून दिलं की तो नवं नाव घेऊन येतो, आणि दुप्पट चिडून येतो. म्हणून त्याला काही कळूच द्यायचं नाही. त्याने लिहावं, त्याचं त्याला दिसावं, दुसऱ्या कुणालाही दिसू नये. कुणीच उत्तर देत नाही म्हटल्यावर बहुतेक जण कंटाळून निघून जातात. या युक्तीचं त्या सगळ्यांना कोण कौतुक होतं!

तिने त्याचा फोन उचलला. फोटोत निळा स्वेटर घातलेली, पांढऱ्या केसांची एक बाई डोळे मिटून हसत होती. खाली लिहिलं होतं, 'माझी बायको सकाळपासून घरी नाही. तिला काही आठवत नाही. जुन्या बसस्टँडकडे जायची सवय आहे. तिकडे कुणी राहत असेल तर कृपा करून बघा.' त्याखाली पुन्हा तेच, जरा जास्त काकुळतीने. त्याखाली पुन्हा.

"सापडली," म्हातारा म्हणाला. "स्टँडच्या मागच्या बाकावर. माझी ड्युटी सुटायची वाट बघत बसली असणार. पूर्वी बसायची तशी. मी समोरच्या बाजूला दोनदा बघून आलो, मागे बाक आहे हे डोक्यातच आलं नाही. रात्रीच्या थंडीने गेली."

तिने फोन हळूच टेबलावर ठेवला.

"पोलिसांत दिलं होतं. ते म्हणाले, फोनवर टाका, हल्ली लोकच शोधतात. मला आपलं हे एवढंच येतं, म्हणून इथे टाकलं." त्याने डोळे पुसले. "लोकांचा राग समजतो मला. मी तोंडाळ माणूस. पण हिचा फोटो बघूनही एकानं चकार शब्द काढू नये? माझ्या तोंडाची शिक्षा हिला झाली, ताई."

फोटो काढून, 'फार वाईट झालं, काका' म्हणून त्याला वाटेला लावणं सोपं होतं. कुणाला काही कळलं नसतं. ते तिच्या मनात आलंही.

"काका," ती म्हणाली, "तो फोटो कुणी बघितलाच नाही."

"असं कसं? हा काय दिसतोय!"

"फक्त तुम्हालाच दिसतो. मी बंद केलं होतं तुम्हाला. मीच." तिने आपल्या कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. साइटवर बाकीच्यांना दिसायचं ते त्याचं पान. वर त्याचं नाव, खाली काहीही नाही.

तो त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिला. आता तो शिव्या देईल म्हणून ती खाली मान घालून बसली. त्याने द्याव्यात असं तिला मनापासून वाटत होतं.

"म्हणजे कुणी रागावलं नव्हतं?" त्याने हळूच विचारलं.

"नाही, काका."

"बरं झालं सांगितलंत."

ती शरमेने अर्धी झाली. काहीतरी करायला हवं म्हणून तिने घाईघाईने भिंत काढली. आधी फोटो काढून टाकायला हवा होता. भिंत निघाली की आड अडकलेलं सगळं ताजं होऊन वर येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बटण दाबून झालं होतं.

टेबलावरचा फोन वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला.

म्हाताऱ्याने चष्मा चढवला आणि एकेक शब्द जुळवत तो मोठ्याने वाचू लागला. "'मी स्टँडच्या मागेच राहतो, काका. आत्ता बघून येतो.' 'आम्ही तिघी मैत्रिणी निघालोय, धीर सोडू नका.' 'निळा स्वेटर ना? दुकान बंद करून निघतो.'"

पुढचं त्याला वाचवेना. त्याने फोन तिच्यापुढे सरकवला.

"त्यांना थांबवा हो, ताई," तो म्हणाला. "उगाच पायपीट होईल बिचाऱ्यांची."