सहा महिन्यांचा अबोला

सगळे तळलेल्या माशांवर ताव मारत होते. मित्राचे वडील मात्र पावाचा तुकडा सुपात बुडवायचे, तो पार लिबलिबीत होईपर्यंत थांबायचे आणि न चावताच गिळायचे. माशाला त्यांनी हातही लावला नव्हता.

"रागावलेत," मित्राची आई पाहुण्याला म्हणाली. नवरा समोर बसला होता, पण तो शेजारच्या घरी असल्यासारखं ती बोलत होती. "लेक बहिणीच्या लग्नाला आला नाही ना, त्याचा राग. सहा महिने झाले, फोनवर त्याच्याशी एक शब्द नाही. हल्ली आमच्याशीही हूं नाही की चूं नाही."

वडिलांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

पाहुणा आणि मित्र परमुलखातल्या एका शहरात एकाच टेबलाशी बसून कवळ्या बनवायचे. आठ वर्षांच्या संगतीत पाहुण्याला मित्राची भाषाही येऊ लागली होती. सुट्टी काढून तो या किनाऱ्यावर फिरायला निघाला, तेव्हा मित्र म्हणाला होता, "घरी डोकावून ये. बाबांचा राग किती उरलाय, तेवढं बघ."

जेवण आटोपलं. वडील उठून मागच्या शेडमध्ये गेले. थोड्या वेळानं पाहुणाही गेला. पालथ्या घातलेल्या होडीपाशी ते पाठमोरे उभे होते, वरची कवळी हातात होती. चाहूल लागताच त्यांनी ती खिशात कोंबली.

"कुठं लागते, काका?"

त्यांनी खिशावर हात दाबून धरला.

"माझं कामच आहे ते. बघू तरी."

वडिलांनी दाराकडे एक नजर टाकली, कवळी तोंडात बसवली आणि बोलू लागले. प्रत्येक 'स'चा 'श' होत होता.

"तीश वर्षं धक्क्यावर बोटी लावून घेतल्या. भोंगा नको म्हणायचे लोक, माझा आवाज पुरे. लग्न झालं नि जुनी कवळी पाण्यात पडली. ही नवी बशवली, त्याच दिवशी पोराचा फोन आला. ऐकून हशायलाच लागला. म्हणतो, बाबा, दुपारीच घेतलीत की काय?" त्यांनी बोट उगारलं. "त्याला शांगायचं नाही."

"नाही सांगत. पण डॉक्टरकडे परत का नाही गेलात?"

"हिला शांगून बशलोय ना, झकाश बशली म्हणून."

पाहुण्यानं कवळी उजेडात धरली. समोरच्या दातांच्या मागं नको इतकी जाड होती. हजारभर कवळ्या त्याच्या हाताखालून गेल्या असतील, पण तोंडं बघायचा डॉक्टर. त्याच्याकडे यायचे ते प्लास्टरचे साचे, आणि साचे कण्हत नाहीत. घासताना एक हात जास्त फिरला, तर तडा जायचा आणि या माणसाला सुपाचाही घोट अपमानाचा व्हायचा. कवळी परत देऊन टाकावी, असं त्याला क्षणभर वाटलं.

मग तो घरात गेला. मित्राची बहीण माहेरी आली होती, तिच्याकडे त्यानं लिपस्टिक मागितली.

"कशाला?"

"काकांना हवीये."

तिनं ती काढून दिली. वर काही विचारलं नाही, पण आईकडे मात्र धावत गेली.

पाहुण्यानं काडीला कापूस गुंडाळून हिरडीवरच्या फोडाला लिपस्टिक लावली, कवळी बसवली, चावून दाखवायला सांगितलं आणि काढली. आतल्या बाजूला लाल ठिपका उठला होता. गळांना धार लावायची बारीक कानस शेडमध्ये होती. ठिपका होता तेवढीच जागा त्यानं घासली. धुतली, बसवली, काढली. चौथ्या खेपेला वडील कळवळले नाहीत. मग दातांमागचा जाडपणा त्यानं पॉलिशपेपरनं उतरवायला घेतला.

"सहा म्हणा."

"शहा."

पुन्हा घासणं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"सहा," वडील म्हणाले. त्यांनी स्वतःच कान टवकारले. "सात. सतरा." आणि थोडं थांबून, "सासू."

पाहुण्यानं टूथपेस्टनं घासून कवळी गुळगुळीत करून दिली. हात धुऊन तो घरात आला, तेव्हा वडील स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे राहून गार झालेला मासा खात होते. सावकाश, दोन्ही बाजूंनी चावून. आई भांडी घासत होती, त्यांच्याकडे बघायचं मुद्दाम टाळत होती. खाणं झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं.

"लाव गं त्याला फोन," ते लेकीला म्हणाले.

मित्रानं फोन घेतला. हॅलो म्हणायचीही त्याला सवड मिळाली नाही.

"लग्नाच्या दिवशी कुठं तडमडला होतास?" वडिलांनी सुरुवात केली. बहीण दारात किती वेळ वाट बघत उभी राहिली होती, फोटो काढताना तिनं सगळ्यांना सरकवून भावाची जागा कशी रिकामी ठेवली होती, आई तोंड धुवायच्या निमित्तानं किती वेळा आत गेली होती, सगळं निघालं. राग होताच, आणि तो सहा महिन्यांचा साठला होता. त्या हसण्याबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. आवाज खिडकीबाहेर रस्त्यापर्यंत जात होता. पलीकडून अधूनमधून "हो बाबा" आणि "चुकलं बाबा" एवढंच ऐकू येत होतं.

"दादाचं आज काही खरं नाही," बहीण पुटपुटली.

आईनं नळ बंद केला. ओली बशी हातात तशीच धरून ती ऐकत राहिली.

"ऐकलंस?" ती लेकीला हळूच म्हणाली. "शब्द न् शब्द कळतोय."